साबुदाणा उपासाला चालतो हो, पण त्याचं झाड आजारी आहे!

एकादशी जवळ आली की तो मेसेज फिरायला लागतोच. साबुदाणा कसा सडवतात, त्यात किडे कसे पडतात, उपासाला चालतो का वगैरे. चालतो, खा. पण ज्या कंदापासून तो बनतो त्या कसाव्याचं काय चाललंय, यावर एक ओळ कुणी फॉरवर्ड करत नाही.

आपला साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. तिथल्या कसाव्याला मोझॅक नावाचा विषाणूरोग आहे. पानं पिवळी, चट्टेदार, आकसलेली. कंद पोसतच नाही. पसरवते पांढरी माशी. कापूसवाल्यांना वेगळं सांगायला नको. त्यात कसावा बियांनी नाही, खोडाच्या कांड्यांनी लावतात. रोगट झाडाची कांडी आणली म्हणजे रोगच पेरला.

फवारणीने विषाणू मरत नाही. वाण बदलणं हाच खरा उपाय, आणि ते काम सरकारी संशोधक करतायत. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने (स्थापना 1963) नायजेरियाहून आणलेला 'श्री पद्मनाभ' दिला, पुढे 'श्री रक्षा' दिला. दोन्ही मोझॅकला दाद न देणारे. किती जणांनी ही नावं ऐकलीत?

"लॅबमध्ये जनुक घातलं की झालं" म्हणणाऱ्यांनी जरा आफ्रिकेकडे बघावं. तिथे कसावा म्हणजे रोजची भाकरी, आणि मोझॅक तिथेही आहे. ज्या 'सीएमडी2' प्रतिकारशक्तीवर तिथली भिस्त आहे, ती मिळाली पश्चिम आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या देशी वाणांत! तिच्यामागचं जनुक नेमकं कोणतं, हे कळायला 2022 उजाडलं. त्याआधी ऊतिसंवर्धनातून अशा वाणांची झाडं तयार केली, तर प्रतिकारशक्तीच गायब. हे 2016 मध्ये शास्त्रज्ञांनीच छापलं, लपवलं नाही. (आपल्याकडे किती खाती असं छापतील?)

म्हणून मी जनुक संशोधनाच्या विरोधात अजिबात नाही. उलट त्याला सरकारने भरपूर पैसा द्यावा. माझं भांडण पुढच्या टप्प्याशी आहे. कसाव्याच्या एका झाडातून वर्षाला जेमतेम दहाएक कांड्या मिळतात. मक्याच्या एका कणसात शेकड्यांनी दाणे. शेतकरी कांडी स्वतःच कापून ठेवतो, मग खासगी कंपनी यात कशाला पैसे घालेल? निरोगी कांड्यांच्या रोपवाटिका सरकारनेच उभारायला हव्यात, गावोगाव. नाहीतर नवा वाण प्रयोगशाळेच्या कुंपणाआत आणि शेतात तीच पिवळी पानं.

आता तो किड्यांचा मेसेज आला की खाली ही पोस्ट चिकटवा.