पाणी निळे नसते
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या सप्टेंबरात आपल्या महाविद्यालयात हस्तकला प्रदर्शन भरले होते. त्यात कोपऱ्यातल्या टेबलावर वीतभर फळीचा एक देखावा होता. गुडघाभर पाण्यात उभा राहून होडीचा दोर ओढणारा एक खलाशी आणि त्याच्यामागे सिंधुदुर्गाच्या तटाचा एवढासा तुकडा. तो माझा. दोन दिवसांत मला तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले. पहिला, "विकत कुठून आणलास?" दुसरा, "पाणी निळं का नाही?" तिसरा खरे तर प्रश्न नव्हताच. एक प्राध्यापक अगदी मायेने म्हणाले, "छान आहे हो, पण आता बी.ए.ला आहेस. खेळण्यांतून बाहेर ये, जरा अभ्यासाकडे लक्ष दे."

उत्तरे तेव्हा सुचली नाहीत. मला नेहमी घरी गेल्यावर सुचते. म्हणून हा लेख.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सोपा आहे. दिवाळीत आपण सगळ्यांनीच किल्ले केले आहेत. दगड रचायचे, चिखलात बुडवलेले गोणपाट टाकायचे, वर अळीव पेरायचे. आणि तळे करायचे म्हणजे ताटात पाणी ओतून त्यात नीळ कालवायची, नाहीतर निळा कागद नाहीतर फुटका आरसा. पाणी म्हणजे निळे हे आपल्या डोक्यात इतके पक्के बसले आहे की समोर समुद्र असला तरी आपण त्याच्याकडे पाहत नाही. मीही पाहिला नव्हता. पहिल्या वर्षी सहलीला मालवणला गेलो तेव्हा होडी सुटायला वेळ होता म्हणून धक्क्यावर बसून राहिले आणि प्रथमच नीट पाहिले. वाळूजवळचे पाणी चहाच्या रंगाचे. चार हात पुढे हिरवट. जिथे खाली खडक तिथे जवळजवळ काळे. निळे म्हणावे असे फक्त लांबवर, आणि तेही आभाळ निळे होते म्हणून. उथळ पाणी तळाचा रंग दाखवते, खोल पाणी तळ गिळते आणि सपाट पाणी आभाळ परत देते. म्हणून लहान देखाव्यात पाणी रंगवायचेच नसते, तळ रंगवायचा असतो. मी आधी वाळू रंगवली, मग तिच्यात हिरवा आणि तपकिरी मिसळत खोलीकडे गडद करत नेली, आणि त्यावर जे ओतले ते बिनरंगी होते.

खलाशी अडीच इंचांचा आहे. एवढ्या लहान अंगावर उजेड-सावली आपोआप पडत नाही, ती रंगानेच पाडावी लागते. आधी पांढरे अस्तर, त्यावर पातळ रंगाचे दोन-तीन हात, मग पाण्यासारखा पातळ केलेला गडद रंग सोडायचा म्हणजे तो धोतराच्या चुण्यांत जाऊन बसतो. शेवटी जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून नुसता फिरवायचा. हे सगळे मला लहानपणापासून येते. नवीन होते ते ओले दाखवणे. ओले कापड गडद होते आणि पाणी त्यात वर चढते, म्हणून गडद रेघ पाण्याच्या पातळीवर न थांबवता थोडी वर न्यावी लागते. चकाकीचे वार्निशही तेवढ्याच भागाला. सगळ्या बाहुलीला वार्निश फासले की तो खलाशी न राहता काचेच्या कपाटातली शोभेची वस्तू होतो.

आता फजितीकडे येते. पाण्यासाठी एपॉक्सी रेझिन वापरतात हे मी वाचले होते, मोबाइलवर पाहिलेही होते. दोन बाटल्यांतले द्रव ठरल्या प्रमाणात मिसळून ओतायचे, ते काचेसारखे घट्ट होते. साठवलेले पैसे घालून आणले. ऑगस्टचे दिवस, बाहेर पावसाची झड, आणि मातीचा तळ वरून वाळलेला दिसत होता. मी ओतले. सकाळी पाहते तो समुद्राचे ताक झालेले! पांढुरके, बुडबुड्यांनी भरलेले, आणि एका कडेने गळून टेबलाला चिकटलेले. आई गणपतीच्या सोंडेवर हात फिरवत होती. तिने मानही न वळवता विचारले, "ओल्या मातीवर रंग धरतोय व्हय गं कधी?"

आम्ही कुंभार. पावसाळ्यात गणपती, मग पणत्या आणि दिवाळीचे मावळे. आई लग्न होऊन आल्यापासून मावळे रंगवते आणि मजुरी शेकड्यावर मिळते. माझी पहिल्या वर्षाची फी त्यातूनच भरली गेली. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, त्यामुळे माती आतून ओली आहे का हे आईला विचारायचे माझ्या मनातही आले नाही. मी शिकलेली ना! ती मडक्यासारखी टिचकी मारून आवाजावरून सांगते.

दुसरा तळ तिच्या सांगण्याप्रमाणे बारा दिवस सावलीत वाळवला. मातीने रेझिन पिऊ नये आणि आतली हवा बुडबुडे होऊन वर येऊ नये म्हणून पातळ फेव्हिकॉलचे दोन हात दिले. मग थर पातळ ओतले, एका दिवसाला एकच. रेझिन वाळले की ते मेल्यासारखे सपाट दिसते, समुद्र तसा कधीच नसतो. वर ग्लॉस जेल लावून कुंचल्याच्या टोकाने लाटा उठवल्या. पहिल्या लाटा एवढ्या झाल्या की खलाशी बुडाला असता. माणूस अडीच इंचांचा तर लाटही त्याच मापाची हवी. फेसासाठी कापूस लावला, तर तो दाढीला लावलेल्या साबणासारखा दिसला. उपटून टाकला आणि कोरड्या कुंचल्याने पांढरा रंग दिला, तोही फक्त पाणी जिथे पायाला, होडीला आणि खडकाला आपटते तिथे.

पण खलाशीच का? आमच्या घरी मावळ्यांचे साचे आहेत, तोफांचे आहेत, सिंहासनावरच्या महाराजांचे आहेत, वाघाचाही आहे. खलाशाचा नाही. बाजारातही मी पाहिला नाही. सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर झाली आणि काम सुमारे तीन वर्षे चालले. त्या बेटावर सामान पोहोचले ते होड्यांतून. त्या वल्हवणारे, भरतीची वेळ ओळखणारे, छातीभर पाण्यात उतरणारे कोळी, भंडारी आणि किनाऱ्यावरचे इतर लोक नसते तर तट उभा कसा राहिला असता? हिरोजी इंदुलकरांचे नाव आपण वाचतो, ते वाचलेच पाहिजे. दोर ओढणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मला क्रमिक पुस्तकात भेटले नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत आपल्या इतिहासातले बारा किल्ले घेतले. त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी आहेत. आपण पेढे वाटले, आणि दिवाळीत पुन्हा सगळ्या गल्लीने डोंगरी किल्लेच केले. माझ्या मते याचे अर्धे कारण एवढेच की पाणी करायला अवघड जाते.

प्राध्यापक महोदयांना आदरपूर्वक सांगायचे आहे. १६६४ हे साल मी परीक्षेत दोन ओळींत लिहिले होते आणि विसरलेही होते. खलाशी करायला बसले तेव्हा प्रश्न पडले. भरती-ओहोटीच्या वेळा दिवसागणिक का सरकतात? उथळ किनाऱ्याला होडी लावायची कशी? अंगावर काय असेल? त्यासाठी मी ग्रंथालयात जेवढी बसले तेवढी चाचणी परीक्षेसाठी बसले नव्हते. याला अभ्यास म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? इतिहासाचा एखादा निबंध अशा वस्तूच्या रूपाने, सोबत दोन पानांच्या टिपणासह, स्वीकारला जावा अशी माझी मागणी आहे. आणि परीक्षक म्हणून एखादा सुतार, एखादी कुंभारीण बोलवावी. तळ गळतो आहे की नाही हे त्यांना लगेच कळेल.

राहिला पहिला प्रश्न. "विकत आणला नाही, मी केला," असे मी सर्वांना सांगितले. टेबलावरच्या चिठ्ठीवरही "स्वनिर्मित" असे लिहिले होते. ते पुरते खरे नव्हते. खलाशाला साचा नव्हता म्हणून आईनेच एक ओला मावळा घेतला, त्याची ढाल-तलवार काढली, पाठ वाकवली आणि दोन्ही हात दोरावर आणले. गणपतीच्या गर्दीत, रात्री अकरानंतर. रंग माझा, पाणी माझे, पण ती वाकलेली पाठ तिची. चिठ्ठीवर तिचे नाव लिहायला मला लाज वाटली. आणि प्रदर्शन पाहायला तिला मी बोलावलेही नाही, हेही इथे लिहून टाकते.

दिवाळीला आईने खलाशाचा साचा केला. तीस काढले, मी रंगवले, गुडघ्याखाली गडद. सात विकले गेले. उरलेले फडताळात आहेत. गिऱ्हाईक हातात घेऊन विचारते, "हा मावळा असा वाकलाय का?" आई सांगते, "पाण्यात हाय त्यो."