परसातली कोंबडी आणि जगाची तयारी

फ्लूची जागतिक साथ रोखायला देश लशी-गोळ्यांचे साठे करतात. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत महासाथ करारही मंजूर झाला. छानच! पण मैत्रिणींनो, पहिली खबर देणार कोण?

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. असा विषाणू माणसामाणसांत पसरू लागला तर महासाथच! पोल्ट्रीवाल्याचं नुकसान कागदावर तरी येतं. परसात चार कोंबड्या पाळणारीचं काय? अंड्यांच्या पैशांवर तिचं मीठ-मिरची, पोरांच्या वह्या. कोंबड्या मरू लागल्या की उरलेल्या ती गुपचूप बाजारात नेणार. भरपाई लगेच हातात पडणार असेल, तरच गुरांच्या दवाखान्यात सांगायला जाईल. आमच्या बचत गटात हा विषय काढला, तर एकजण म्हणाली, "ताई, पैसे कधी मिळतात ते आधी सांगा."