कलर प्रिंट येत नाही? कार्ट्रिजला हात लावायच्या आधी हे वाचा

झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकायचं म्हणून जे ट्रेनिंगला येतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, प्रिंटर कोणता घेऊ?" आणि दुकान सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत फोन येतो, "सर, कलर येत नाहीये, कार्ट्रिज बदलू का?"

माझं मत स्पष्ट सांगतो. मशीन निवडायला आपण आठ-आठ दिवस घालवतो आणि प्रिंटचा डायलॉग बॉक्स मात्र कधी नीट उघडूनही बघत नाही. कलर की ब्लॅक हे कुठे ठरतं, हा टेक्निशियनचा विषय नाही. हा गल्ल्याचा विषय आहे, आणि तो मालकालाच आला पाहिजे.

सुरुवात कुठून करायची? आधी मशीन आणि कॉम्प्युटर वेगळे करा. इंकटँक प्रिंटर असेल तर मशीनवरूनच नोझल चेकचं पान काढा. लेझर असेल तर पॅनलच्या मेनूमधून टेस्ट पेज काढा. या पानाला वर्डशी किंवा तुमच्या ड्रायव्हरशी काही देणंघेणं नसतं. त्यावर चारही रंग नीट आले, म्हणजे मशीन ठणठणीत आहे आणि घोळ कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. रेघा तुटक आल्या किंवा एखादा रंग गायब असला, तरच हेड क्लीनिंग करा. तेही एकदा, फार तर दोनदा, आणि मधे परत नोझल चेक. बरेच जण वैतागून पाच-सहा वेळा क्लीनिंग मारतात. ती शाई तुमच्याच बाटलीतून जाते आणि वाया गेलेली शाई शोषणारं पॅडही लवकर भरतं.

मशीन ठीक निघालं तर मग शोध सुरू. इथे लोक चुकतात, कारण त्यांना वाटतं कलरचं बटण एकच आहे. तसं नाही. फाइल ज्या प्रोग्राममधून निघते तिथे एक सेटिंग, ड्रायव्हरमध्ये दुसरं, आणि मोठ्या ऑफिस मशीनमध्ये पॅनलवर तिसरं. यातल्या एकानेही "ब्लॅक" म्हटलं तर पान ब्लॅकच येणार.

प्रोग्रामपासून बघत चला. एक्सेलमध्ये पेज सेटअप उघडा, त्यात शीट नावाच्या टॅबवर "ब्लॅक अँड व्हाइट"ची टिक असते. ती फाइलसोबत सेव्ह होते, म्हणजे गिऱ्हाइकाने पेनड्राइव्हवर आणलेल्या फाइलमध्येच ती असू शकते आणि तुम्ही बिचाऱ्या प्रिंटरला शिव्या देता. पॉवरपॉइंटमध्ये प्रिंटच्या पानावरच कलर, ग्रेस्केल आणि प्युअर ब्लॅक असे तीन पर्याय आहेत. अ‍ॅडोबी रीडरमध्ये ग्रेस्केलची वेगळी टिक आहे. क्रोममध्ये कलरचा पर्याय स्वतंत्र आहे आणि तो मागच्या वेळी जे निवडलं तेच धरून बसतो. सकाळी मुलाने एक हॉलतिकीट ब्लॅकमध्ये काढलं, की दुपारचं रंगीत सर्टिफिकेटही ब्लॅकच. वर्डमध्ये पानाचा बॅकग्राउंड रंग स्क्रीनवर दिसतो पण छापला जात नाही, अशी तक्रार असेल तर ऑप्शन्समध्ये डिस्प्ले उघडा, तिथे बॅकग्राउंड रंग छापण्याची टिक आहे.

आता ड्रायव्हर. विंडोजमध्ये "प्रिंटिंग प्रेफरन्सेस" आणि "प्रिंटिंग डिफॉल्ट्स" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रेफरन्सेस त्या एका युजरपुरते. डिफॉल्ट्स हे प्रिंटर प्रॉपर्टीजच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर असतात आणि त्या कॉम्प्युटरच्या सगळ्या युजरसाठी लागू होतात. तुमच्या लॉगिनला कलर येतो आणि दुकानातल्या मुलाच्या लॉगिनला येत नाही, तर उत्तर बहुतेक इथेच सापडेल. आणि कलरचा पर्यायच दिसत नसेल, तर विंडोजने आपोआप टाकलेला साधा ड्रायव्हर काढून कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर टाका.

इथवर झालं कलर न येण्याचं. पण खरं सांगू? दुकानदाराला उलटा प्रकार जास्त महाग पडतो. गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, ब्लॅकच सांगितलं होतं," आणि पान कलरमध्ये गेलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे पान दिसतं ब्लॅक, पण मशीनने ते कलर म्हणून मोजलेलं असतं. मोबाइलने काढलेला कागदाचा फोटो घ्या. आपल्याला तो पांढऱ्यावर काळा वाटतो, पण त्यात पिवळट-निळसर झाक असते. अर्जातली निळी लिंक, कोपऱ्यातला लोगो, जांभळा शिक्का. सेटिंग "ऑटो कलर"वर असेल तर मशीन एवढ्यावरून ते पान कलरमध्ये काढतं.

भाड्याच्या मशीनवर ब्लॅक आणि कलरचं रीडिंग वेगळं धरतात. समजा तुमच्या करारात ब्लॅक पान ५० पैसे आणि कलर पान ५ रुपये आहे. गिऱ्हाइकाकडून ब्लॅकचे २ रुपये घेतले आणि पान कलरमध्ये मोजलं गेलं. पानामागे ३ रुपये तुमच्या खिशातून गेले, कागद वेगळाच. दिवसाला अशी ४० पानं आणि महिन्याचे २६ दिवस धरा. ३,१२० रुपये झाले. लहान दुकानाला ही रक्कम लहान नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की दुकानातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर डिफॉल्ट ब्लॅकच ठेवा. कलर मुद्दाम निवडूनच निघाला पाहिजे. काही जण म्हणतात, मग कलरची ऑर्डर चुकून ब्लॅकमध्ये जाते. जाऊ दे ना! वाया गेलेलं ब्लॅक पान किती रुपयांचं, आणि वाया गेलेलं कलर पान किती रुपयांचं?

त्याहून सोपा उपाय म्हणजे एकच मशीन विंडोजमध्ये दोनदा टाका. एकाचं नाव "ब्लॅक", दुसऱ्याचं "कलर", आणि प्रत्येकाचे प्रिंटिंग डिफॉल्ट्स तसे लावा. डिव्हाइसेसच्या यादीत कधी कधी दोन्ही एकाच चित्राखाली दिसतात, गोंधळू नका. वर्डमध्ये प्रिंट दिलं की दोन नावं वेगळी दिसतात. काउंटरवर नवीन मुलगा आला तरी त्याला फक्त नाव निवडायचं असतं. सोबत "विंडोजला डिफॉल्ट प्रिंटर ठरवू दे" हा पर्याय बंद करा. नाहीतर शेवटचा वापरलेला प्रिंटरच डिफॉल्ट होऊन बसतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

एक बारीक गोष्ट. ग्रेस्केल म्हणजे फक्त काळी शाई, असं प्रत्येक इंकजेटमध्ये नसतं. काही मशीन राखाडी छटा चांगली यावी म्हणून ग्रेस्केलमध्येही रंगीत शाई मिसळतात. ड्रायव्हरमध्ये "ब्लॅक इंक ओन्ली" असा पर्याय असेल तर साध्या अर्जांसाठी तो निवडा. तसंच पेपर टाइप. साधा कागद घातलाय आणि सेटिंग फोटो पेपरचं आहे, तर शाई जास्त पडते आणि पान ओलं निघतं. उलट केलं तर फोटो फिका येतो आणि गिऱ्हाईक म्हणतं तुमची शाईच डुप्लिकेट आहे.

आणि रंग स्क्रीनसारखा येत नाही, या तक्रारीवर वाद घालू नका. मोबाइलची स्क्रीन लाल-हिरवा-निळा प्रकाश टाकून रंग दाखवते, प्रिंटर निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी शाई कागदावर टाकतो. झगझगीत निळा कागदावर जांभळट दिसणं हे त्यातूनच येतं, सेटिंगने तो थोडाफार सुधारेल, पुरता नाही. शंभर ब्रोशरची ऑर्डर असेल तर एक पान काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्या, त्यावर सही घ्या, मग बाकीची नव्व्याण्णव काढा.

हे सगळं एकदा लावून झालं की प्रत्येक सेटिंगच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ड्रायव्हर नव्याने टाकावा लागला की लावलेलं सगळं पुसलं जातं, आणि तेव्हा समोर दहावीच्या फॉर्मची रांग लागलेली असते.