ऊसतोड कामगाराचे मूल कोणत्या खात्याचे?

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. नेमके त्याच सुमारास शाळेचे दुसरे सत्र सुरू होते. सरकार म्हणते, योजना आहेत. आहेतच! हंगामी वसतिगृहे शिक्षण खात्याकडे, २०२१ ची संत भगवानबाबा वसतिगृह योजना सामाजिक न्याय खात्याकडे, आरोग्यतपासणी आरोग्य खात्याकडे. प्रत्येक खात्याचे दप्तर वेगळे. फडावर गेलेल्या मुलाची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. यालाच ‘समन्वयाचा अभाव’ असे गोंडस नाव दिले जाते.

पण हा केवळ कारकुनी गोंधळ नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ९ नुसार मुलांच्या नोंदी ठेवणे व स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना शाळेत प्रवेश देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. तरीही अंमल होत नाही. कारण नवराबायकोला मिळून ‘एक कोयता’ मोजणाऱ्या व्यवस्थेला धाकटी भावंडे सांभाळणारी मुलगी फडावरच सोयीची वाटते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचविलेला राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणखर्चही अद्याप स्वप्नच आहे.

म्हणून समित्यांच्या बैठका पुरेत! जिल्हा परिषदेत एकच यादी, एकच जबाबदार अधिकारी व स्वतंत्र निधी हवा. मुलाची नोंद कारखान्याजवळच्या शाळेत त्याच्याआधी पोहोचली पाहिजे. ज्यांच्या गाळपासाठी ही कुटुंबे गाव सोडतात, त्या कारखान्यांनीही खर्च उचलला पाहिजे. संघटित कामगारांच्या रेट्याविना यातले काहीही पदरात पडणार नाही.