उभ्या गाडीचे वाचन

हाती आलेल्या संहितेत दुरुस्ती केव्हा करावी आणि केव्हा करू नये, हा प्रश्न आपण ग्रंथांपुरताच मानतो. प्रस्तुत लेखातील म्हणणे असे, की तोच प्रश्न तितक्याच काटेकोरपणे मोटारीच्या बॉनेटखालीही उभा राहतो. तिथे चुकीच्या उत्तराची किंमत एखाद्या परीक्षणकर्त्याच्या नाराजीपुरती मर्यादित नसते. भर चौकात इंजिन बंद पडते. ब्रेकला मिळणारे साहाय्य मग एकदोन दाबांतच संपते आणि पॉवर स्टिअरिंग जड होते.

एक ठोस उदाहरण घेऊ. माझदाची एमएक्स-५ ही दोन आसनी गाडी १९८९ साली आली. अमेरिकेत ती ‘मियाटा’ या नावाने विकली गेली. तिच्या पहिल्या १.६ लिटर इंजिनाचा संगणक सीलबंद होता. त्यातले आकडे मालकाला दिसत नसत, मग बदलणे दूरच. २००१ साली ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या अमेरिकनांनी ‘मेगास्क्वर्ट’ हा इंजिन-संगणक सुट्या भागांच्या रूपात उपलब्ध करून दिला. सोल्डरिंग स्वतः करायचे आणि इंधन किती सोडायचे याचे तक्ते लॅपटॉपवर स्वतः भरायचे. पुढील आवृत्त्यांत ठिणगीच्या वेळेचे तक्तेही आले. अनेक मियाटाधारकांनी तो बसवला आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना सारखाच अनुभव आला. गाडी महामार्गावर सुरेख धावते. सिग्नलला उभी राहिली की मात्र इंजिनाचे फेरे वरखाली होऊ लागतात, आणि एखाद्या थांब्यावर ते निमूटपणे बंद पडते.

असे उभ्या गाडीतच का व्हावे? आयडलवर इंजिन स्वतःचे घर्षण सोसण्यापुरतेच काम करत असते. हाताशी शिल्लक काही नसते. या गाडीत ते मिनिटाला सुमारे ८५० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला जेमतेम अठ्ठावीस ज्वलने. इंजेक्टर दर वेळी दोन-तीन सहस्रांश सेकंद उघडतो, आणि त्यातला सुमारे एक सहस्रांश नुसता उघडण्यातच खर्च होतो. हेडलाइट लावले की विद्युतदाब घसरतो, इंजेक्टर उशिरा उघडतो आणि तेवढे इंधन कमी पडते. मूळ संगणकाला हे ठाऊक होते. विजेचा भार वाढला किंवा उभ्या गाडीचे स्टिअरिंग वळवले, की तो थोडी जास्त हवा आत सोडत असे. कारखान्यातल्या अनाम अभियंत्यांचे हे श्रम कुणाला दिसले नाहीत, कारण नीट झालेले संपादन दिसत नसतेच. जुना संगणक काढला की ते श्रमही त्याच्याबरोबर जातात, आणि पोकळी प्रथम जाणवते ती आयडलवर.

यावर दोन पळवाटा रूढ आहेत. पहिली, थ्रॉटलजवळचा स्क्रू फिरवून आयडल बाराशे-तेराशेवर नेऊन ठेवायचा. गाडी बंद पडत नाही हे खरे, पण दोष तसाच राहतो. फक्त त्याचा आवाज बुडतो. दुसरी पळवाट, दुसऱ्या कुणाच्या गाडीचा आयता तक्ता आणून भरायचा. आरंभापुरता तो उपयोगी असतो. मात्र त्यालाच अंतिम मानणे म्हणजे कविता न वाचता गाईडमधले रसग्रहण उतरवणे होय. गाईडमधले उत्तर चूक असेलच असे नाही. ते आपल्यासमोरच्या कवितेचे नसते, एवढेच.

खरी दुरुस्ती वाचनाच्या क्रमात आहे. प्रथम संगणकाच्या आपोआप होणाऱ्या सुधारणा बंद कराव्यात. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन-संवेदक जळून गेलेल्या मिश्रणाची बातमी देतो. मंद गतीत ती उशिरा पोहोचते, आणि उशिरा आलेल्या बातमीवर केलेली सुधारणा नव्या चुकीला जन्म देते. त्यानंतर हवेची गळती शोधावी. जुन्या व्यवस्थेत आत येणारी हवा एका झडपेच्या मापकातून मोजली जाई. नव्या व्यवस्थेत हा मापक काढून टाकतात आणि इनटेक मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज घेतात. बाहेर सुमारे १०० किलोपास्कल असताना आयडलवर हा दाब तीस-चाळीसच्या घरात असतो, त्यामुळे तडकलेल्या रबरी नळीतून हवा आत ओढली जाते. पूर्वी ती मोजलीच जात नसे आणि मिश्रण पातळ होई. आता तीच हवा दाब वाढवते, संगणक त्या मानाने इंधनही वाढवतो आणि फेरे चढून बसतात. आयडलची झडप पूर्ण मिटली तरी ते उतरत नाहीत. दोष तोच, पण वाचणारा बदलल्याने लक्षण बदलले. हे ज्याला कळले नाही, तो निर्दोष आकडे खोडत बसतो.

मग टायमिंग लाइट लावून पाहावे, की संगणक दहा अंश म्हणतो तेव्हा ठिणगी खरोखर दहा अंशांवरच पडते काय. पुढे इंजेक्टरच्या विलंबाचे आकडे तपासावेत आणि तापलेल्या इंजिनावर इंधनाचा तक्ता बसवावा. ठिणगीचा तक्ता असा हवा, की फेरे घसरू लागताच ठिणगी थोडी आधी पडून इंजिनाला सावरेल; तो उलटा असेल तर घसरणारे इंजिन आणखी घसरते. हवेची झडप आणि स्वयंचलित सुधारणा सर्वांत शेवटी. एका वेळी एकच बदल करावा. सकाळच्या थंड इंजिनाचे आकडे लावताना तर दिवसाला एकच संधी मिळते, कारण तापलेले इंजिन पुरते थंड व्हायला रात्र जावी लागते.

हा क्रम आपल्याला अपरिचित वाटू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेत वि. सी. सुकथनकरांनी मांडलेल्या शिस्तीत संपादकाने कल्पनेने पाठ दुरुस्त करण्याला अगदी गौण स्थान आहे. आधी हस्तलिखिते ताडून पाहायची, लेखणी त्यानंतर. नळी न तपासता आकडा बदलणारा हौशी आणि पोथी न ताडता पाठ बदलणारा संपादक यांची चूक एकाच जातीची आहे.

यावर कुणी म्हणेल, की मग सीलबंद पेटीच बरी. हा निष्कर्ष मला मान्य नाही. पेटी उघडली म्हणूनच सामान्य मालकाला इंजिन वाचण्याची संधी मिळाली, आणि ती मोलाची आहे. परंतु लिहिण्याचा अधिकार मिळाला की वाचण्याची जबाबदारी टळत नाही. उलट ती पूर्वी दुसरे कुणी वाहत होते, आता आपल्यावर आली एवढेच. ती पार पडली की नाही, हे ठरवण्याची कसोटीही साधी आहे. इंजिन तापलेले, दिवे आणि पंखा चालू. तीन हजार फेऱ्यांवरून क्लच दाबून गाडी थांबवावी, आणि इंजिन खाली न कोसळता साडेआठशेवर येऊन स्थिरावावे. दहापैकी नऊ वेळा ते जमले, तर दुरुस्ती अजून झालेली नाही.