समजून घ्या : तात्या विंचू परतला की प्रेक्षकांत दोन तट का पडतात?

अमरावती-अकोल्यात नव्या पिक्चरबद्दल विचारलं आणि समोरून 'ठीक हाये बाप्पा' एवढंच उत्तर आलं, तर तिकिटाचं काय करायचं ते आपल्याला कळतं. पण गाजलेल्या भयपटाचा पुढचा भाग आला की असं मधलं उत्तर फारसं ऐकू येत नाही. एक जण 'पैसे वसूल' म्हणतो, तर दुसरा 'पहिल्याची वाट लावली' म्हणून मोकळा होतो. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला 2'च्या वाट्याला हेच आलं. आता 'झपाटलेला 3'ची घोषणा झालेली आहे, म्हणजे हा वाद पुन्हा रंगणार. एकाच चित्रपटाबद्दल इतकी टोकाची मतं का पडतात आणि त्यातून आपण काय घ्यायचं, ते पाहू.

नेमका वाद काय?

'झपाटलेला' 1993 मध्ये आला. पोलिसांच्या गोळीनं मरणारा गुंड तात्या विंचू मंत्राच्या जोरावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. पुन्हा माणूस व्हायचं तर त्याला लक्ष्याच्या शरीरात शिरावं लागणार असतं. बाहुला जिवंत आहे हे लक्ष्या सगळ्यांना सांगत सुटतो आणि कुणाचाच विश्वास बसत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा अभिनय, दिलीप प्रभावळकर यांचा आवाज आणि रामदास पाध्ये यांचा बाहुला या तिघांनी तो चित्रपट घराघरात नेला. पुढे तो 'खिलौना बना खलनायक' या नावानं हिंदीतही आला.

दुसरा भाग 7 जून 2013 रोजी प्रदर्शित झाला, म्हणजे तब्बल 20 वर्षांनी. लक्ष्मीकांत बेर्डे यांचं 16 डिसेंबर 2004 रोजी निधन झालं होतं. त्यामुळे या वेळी तात्या विंचू लक्ष्याच्या मुलाच्या मागे लागतो. ही भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. सोबत सई ताम्हणकर, सोनाली कुलकर्णी आणि मकरंद अनासपुरे होते. बाहुला तोच, आवाज तोच. पण समोर घाबरणारा लक्ष्या नव्हता.

वादाची मुळं इथे आहेत. ज्यांच्यासाठी 'झपाटलेला' म्हणजे तात्या विंचू, त्यांना त्यांचा खलनायक परत मिळाला. ज्यांच्यासाठी 'झपाटलेला' म्हणजे लक्ष्याची तारांबळ, त्यांना अर्धाच पिक्चर मिळाल्यासारखं वाटलं.

याला स्लॅशर म्हणायचं का?

एकच खुनी, हातात सहसा धारदार हत्यार, एकामागून एक बळी आणि शेवटी त्याच्याशी झुंजणारं एखादं पात्र, हा स्लॅशरचा साचा. 1978 चा 'हॅलोविन' आणि 1980 चा 'फ्रायडे द थर्टीन्थ' यांनी तो पक्का केला. 1988 च्या 'चाइल्ड्स प्ले'मध्ये हाच खुनी बाहुला झाला, त्याचं नाव चकी. 'झपाटलेला'ची कल्पना तिथूनच आलेली आहे. मात्र कोठारे यांनी रक्त कमी केलं आणि विनोद वाढवला. म्हणून 'झपाटलेला'ला स्लॅशरचा मराठमोळा, विनोदी भाऊबंद म्हणता येईल.

या प्रकाराची एक अडचण आहे. खुनी मेला तर पुढचा भाग निघत नाही आणि तो दर वेळी परतला तर त्याची भीती उरत नाही. मग निर्माता काहीतरी नवं जोडतो: नवं पात्र, नवं तंत्र. हे नवं किती चालवून घ्यायचं, यावरच प्रेक्षक फाटतात.

थ्रीडीनं काय केलं?

'झपाटलेला 2'मधलं नवं म्हणजे थ्रीडी. मराठीतला पहिला थ्रीडी चित्रपट अशीच त्याची जाहिरात झाली. थ्रीडीत डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी दोन वेगळी चित्रं एकाच पडद्यावर पडतात आणि चष्म्याची प्रत्येक काच त्यातलं एकच आत सोडते. पोलराइज्ड चष्म्याच्या पद्धतीला चंदेरी पडदा लागतो. साध्या पांढऱ्या पडद्यावर ही दोन चित्रं एकमेकांत मिसळतात. शिवाय या सगळ्यात निम्म्याहून जास्त उजेड कमी होतो. भयपटात रात्रीचे प्रसंग जास्त, त्यामुळे प्रोजेक्टरचा उजेड कमी असेल तर बाहुला अंगावर येण्याऐवजी अंधारातच राहतो.

ही सोय नसलेल्या टॉकीजमध्ये थ्रीडी चित्रपट टूडीतच दाखवावा लागतो. 2013 मध्ये जिल्ह्याच्या गावांतल्या अनेक जुन्या टॉकीजमध्ये ही सोय नव्हती. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्समधला प्रेक्षक आणि छोट्या शहरातला प्रेक्षक ज्यावर भांडतात, तो अनुभव मुळात एकसारखा असेलच असं नाही.

परदेशातही असंच होतं का?

याचं ठळक उदाहरण 2022 चा 'हॅलोविन एंड्स'. शेवटचा सामना पाहायला आलेल्या चाहत्यांसमोर दिग्दर्शकानं मोठा वेळ कोरी नावाच्या नव्या पात्राला दिला. मुखवट्याचा खुनी मायकेल मायर्स बराच काळ दिसतच नाही. काहींना हे धाडस आवडलं, अनेकांना फसवणूक वाटली. अमेरिकेत पहिल्या दिवसाच्या प्रेक्षकांना श्रेणी विचारणाऱ्या 'सिनेमास्कोर'मध्ये 2018 च्या 'हॅलोविन'ला 'बी प्लस' मिळाली होती, तर 'एंड्स' 'सी प्लस'वर घसरला. पहिल्या शनिवार-रविवारी तिथे सुमारे 4 कोटी डॉलरची कमाई झाली, पुढच्या आठवड्यात ती जवळपास 80 टक्क्यांनी पडली. हा चित्रपट त्याच दिवशी ओटीटीवरही आला होता, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

मग स्टार रेटिंग बघायचं की नाही?

बघा, पण सरासरीवर थांबू नका. समजा 100 जणांनी चित्रपट पाहिला आणि सगळ्यांनी 3 स्टार दिले, तर सरासरी 3. आता 50 जणांनी 5 आणि 50 जणांनी 1 स्टार दिला, तरी सरासरी 3 च. पहिला चित्रपट 'ठीक हाये', दुसरा वाद पेटवणारा. आकडा मात्र एकच. म्हणून 5 स्टार किती आणि 1 स्टार किती, हे दाखवणाऱ्या पट्ट्या पाहा. दोन्ही टोकं उंच आणि मध्ये खड्डा असेल, तर चित्रपट वाईट आहे असं समजू नका. तुम्ही कोणत्या तटातले, हे आधी ठरवा.

आणखी एक गोष्ट. लिहायला बसतो तो खूश झालेला किंवा चिडलेला माणूस. ज्याला बरा वाटला, तो घरी जाऊन जेवतो.

आपल्याकडे याचा काय परिणाम होतो?

मोठ्या शहरात एखाद्या चित्रपटाचे शो कमी झाले तरी दुसरं थिएटर सापडतं. अमरावती किंवा अकोल्यात मुळात पडदे मोजके, त्यातले मराठीच्या वाट्याला येणारे शो आणखी कमी. पहिल्या शनिवार-रविवारची गर्दी पाहून पुढचे शो ठरतात. शुक्रवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेलं 'जाऊ नका' सोमवारचा शो बंद पाडू शकतं आणि ज्याला तो आवडला असता, त्याला मग पाहायलाच मिळत नाही. मत जरूर द्या, पण काय आवडलं नाही तेही एका ओळीत सांगा. 'लक्ष्याची आठवण आली' आणि 'थ्रीडी अंधुक दिसलं' या दोन तक्रारी अगदी वेगळ्या आहेत.

मुलांना न्यावं का?

1993 मध्ये तात्या विंचूला घाबरलेली मुलं आज आई-बाबा आहेत. त्यांनी प्रमाणपत्र आधी पाहावं. 2024 च्या नियमांनुसार 'यूए' प्रमाणपत्रात आता 7+, 13+ आणि 16+ असे तीन गट आहेत. हा पालकांसाठी सल्ला आहे, त्यावरून दारात कुणाला अडवलं जात नाही. 'ए' प्रमाणपत्र असेल तर 18 वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. आपण लहानपणी पाहिला होता, एवढ्यावरून नवा भागही तसाच असेल असं धरून चालू नका.

थोडक्यात

तिसऱ्या भागाचं तिकीट काढताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: आपल्याला तात्या विंचू पाहायचा आहे की लक्ष्या? उत्तर तात्या विंचू असेल तर बिनधास्त जा. उत्तर लक्ष्या असेल, तर 1993 चा 'झपाटलेला' पुन्हा एकदा लावा. तो आजही तेवढाच हसवतो.