गोफाचा धडा

सहकार हा महाराष्ट्राच्या अभिमानाचा विषय आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे दूधसंस्था, सूतगिरण्या, ग्राहक भांडारे अशा नाना रूपांनी या शब्दाने आपले सार्वजनिक जीवन व्यापले. परंतु संस्थेची नोंदणी कायद्याने करता येते, सहकार्याची वृत्ती मात्र शिकवावी लागते. ती आपण कोठे शिकवतो? पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवलेले मूल पहिल्या काही महिन्यांतच शिकते ते आपली पाटी हाताने झाकून लिहायला. शेजारचा विद्यार्थी हा सोबती नसून प्रतिस्पर्धी आहे, हा संस्कार पाढ्यांच्याही आधी पक्का होतो.

अर्थशास्त्राला हा प्रश्न जुनाच आहे. सर्वांच्या श्रमाचे फळ श्रम न करणाऱ्यालाही मिळणार असेल, तर प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसतो आणि काम कोणीच करीत नाही. या कोंडीतून माणसे स्वतः मार्ग काढू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कुरणे, जंगले व पाटबंधारे यांच्या अभ्यासातून दाखवून दिले. २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कार्याबद्दल. एकमेकांवर नजर, आपणच ठरवलेले नियम आणि हळूहळू साठत गेलेला विश्वास ही त्या मार्गाची साधने होत. सहा वर्षांच्या मुलाला ही साधने व्याख्यानाने देता येणार नाहीत. ती त्याच्या हातापायांतून द्यावी लागतील.

आपल्याकडील गोफ हा नृत्यप्रकार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. वरून सोडलेल्या रंगीत दोऱ्यांपैकी एकेक दोरी प्रत्येकाच्या हाती असते. निम्मी मुले एका दिशेने, निम्मी उलट दिशेने, एकाच्या आतून तर दुसऱ्याच्या बाहेरून जातात आणि मधोमध वेणी विणली जाते. मग तीच पावले उलट टाकून ती उकलायची असते. एकाने घाई केली तरी गुंता होतो, एकजण रेंगाळला तरी होतो. आणि तो गुंता सर्वांच्या डोळ्यांसमोर असल्यामुळे सर्वांनी मिळूनच सोडवावा लागतो. इथे पहिला क्रमांक कोणाचाच नसतो. लेझमीत कान जे काम करतो, ते गोफात डोळा करतो. डहाणूकडील वारल्यांच्या तारपा नाचात तर हात हातांत गुंफूनच पाऊल पडते.

ही केवळ भाबडी समजूत नव्हे. किर्शनर आणि टोमासेलो या संशोधकांनी २०१० साली चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही जोड्यांनी एकत्र गात, ताल धरत, फिरत खेळ केला. इतरांनी तसाच खेळ संगीताशिवाय केला. त्यानंतर साथीदाराच्या मदतीला धावण्याची आणि अडचण मिळून सोडवण्याची प्रवृत्ती पहिल्या गटात अधिक आढळली. अर्थात ही मोजणी खेळ संपताच केलेली होती. तीवरून आयुष्यभराचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. संस्कार टिकवायचा तर खेळही नित्याचा हवा.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक वाटतात. स्नेहसंमेलनासाठी चपळ अशी आठ मुले निवडायची आणि उरलेल्यांना सतरंजीवर बसवायचे, ही आपली रूढ पद्धत या हेतूच्या नेमकी उलट आहे. ज्याला पाऊल जमत नाही, त्यालाच सामील करून घेण्यात या शिक्षणाचे सार आहे. ज्याला चालता येत नाही, त्याने हलगीवर ठेका धरावा. तोही नाच त्याच्याच आधाराने चालेल. दुसरी गोष्ट अशी की, एका तालात पावले टाकणारा समूह आज्ञाधारक फौजही होऊ शकतो, याला इतिहास साक्षी आहे. कवायतीत सर्वांचे लक्ष शिट्टीकडे असते, गोफात ते शेजाऱ्याकडे असते. शिक्षकाने शिट्टी खिशात ठेवावी आणि गुंता झाला तर तो सोडवण्याचा मान मुलांना द्यावा.

वेळ कोठून आणायचा, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापनाचे ठरवून दिले आहेत. रोज पंधरा मिनिटे दिली तर वर्षाला पन्नास तास होतात, म्हणजे एकूण वेळेचा सोळावा हिस्सा. खर्च दोऱ्यांचा आणि एखाद्या हलगीचा. जूनमध्ये वेळापत्रक आखताना मुख्याध्यापकांनी ही पंधरा मिनिटे प्रार्थनेनंतर लगेच ठेवावीत. मुलगा-मुलगी, वाडी-वस्ती, जात-पात यांचा विचार न करता हात हातात घ्यायला लावणारी दुसरी तासिका आपल्या वेळापत्रकात आज नाही. पुढे ज्या संस्था याच मुलांनी चालवायच्या आहेत, त्यांच्या भागभांडवलात हा सोळावा हिस्सा जमा झालाच पाहिजे.